हाडं ठिसूळ झाल्याचा रिपोर्ट आलाय? पहिल्या काही महिन्यांत काय करायचं

तीन वर्षांपूर्वी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आदल्या दिवशी मी मोरीत घसरले आणि उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते निघालं आणि मी पुन्हा भाकरी थापायला लागले. उभ्या उंचीवरून पडून ५८ वर्षांच्या बाईचं मनगट मोडतं तेव्हा तिची हाडं तपासायला हवीत, हे त्या दवाखान्यात मला कुणीच सांगितलं नाही. त्याच वर्षी दिवाळीला अमळनेरहून धुळ्याला निघाले होते. बसच्या शेवटच्या सीटवर बसले होते, बस खड्ड्यात आदळली आणि पाठीत अशी कळ गेली की श्वास अडकला. दोन आठवडे बाम चोळला. मग एक्स-रेमध्ये मणका दबलेला दिसला, डेक्सा झाली, टी-स्कोअर उणे ३.१ आला. ऑस्टिओपोरोसिस.

शेजारच्या जिजी भेटायला आल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "हाडं गयात, मंग आते काय ऱ्हायनं?" बरंच काही राहिलेलं असतं. ज्यांच्या हातात असा रिपोर्ट नुकताच पडलाय, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षिका आहे. औषध तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं हे ठाऊक असलं, तर निर्णय तुमचाही होतो.

आधी रिपोर्ट समजून घ्या

डेक्सा म्हणजे कंबरेचे मणके आणि खुब्याचं हाड किती घट्ट आहे ते मोजणारी तपासणी. पडून राहायचं, दहा-पंधरा मिनिटं, सुई नाही, दुखत नाही. टी-स्कोअर तुमच्या हाडांची तरुण निरोगी माणसाच्या हाडांशी तुलना करतो. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या मधला आकडा म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीत, त्याला ऑस्टिओपेनिया म्हणतात. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखलेली ही रेघ आजही वापरात आहे. पाळी चालू असलेल्या बायका आणि पन्नाशीच्या आतले पुरुष यांच्यासाठी टी ऐवजी झेड-स्कोअर, म्हणजे त्यांच्याच वयाच्या माणसांशी केलेली तुलना, बघतात.

पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आधी काही मोडलंय का. घरातल्या घरात पडून मनगट, खुबा किंवा खांदा मोडला असेल, मणका दबला असेल, तर आकडा उणे २.२ असला तरी धोका मोठा धरतात. मणका दबल्याचं अनेकदा कळतही नाही, नुसती कंबर धरली असं वाटतं. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटर कमी झाली असेल किंवा पाठीला पोक आलं असेल, तर मणक्याचा एक्स-रे मागून घ्या.

मोफत शिबिरात पाय एका छोट्या यंत्रात ठेवून टाचेची तपासणी करतात. ती फक्त चाळणी असते. त्या कागदावर "ऑस्टिओपोरोसिस" लिहिलं म्हणून औषध सुरू करू नका आणि "नॉर्मल" लिहिलं म्हणून निर्धास्तही राहू नका. पूर्ण डेक्साची सोय कुठे आहे ते जळगाव-धुळ्यात विचारा. तिथे जमलं नाही तर नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर. जिथे कराल तिथलं यंत्र लक्षात ठेवा, कारण दोन वर्षांनी पुन्हा करताना तेच यंत्र हवं. वेगळ्या यंत्राचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

आणखी एक गोंधळ आपल्याकडे फार आहे. गुडघे दुखतात म्हणून लोक "हाडं झिजली" म्हणतात. ती सांध्यांची झीज, वेगळा आजार. ठिसूळ हाडं मोडेपर्यंत दुखत नाहीत. म्हणूनच "मला तर काहीच होत नाही, मग औषध कशाला?" हा प्रश्न इथे लागू पडत नाही.

हाडं का विरळ झाली ते शोधा

पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं हाडं सगळ्यात वेगाने झिजतात. पण सगळं वयावर ढकलू नका. औषध ठरवण्याआधी रक्ताच्या काही तपासण्या व्हायला हव्यात: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), थायरॉईड, हिमोग्लोबिन. गरज वाटली तर डॉक्टर पॅराथायरॉईडची आणि प्रथिनांची तपासणीही सांगतील.

काही गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी आपणहून सांगा. गर्भपिशवी कोणत्या वर्षी काढली आणि सोबत अंडाशयंही काढली का. आपल्या भागात पस्तिशी-चाळिशीत पिशवी काढलेल्या बायका घरोघर आहेत आणि अंडाशयं काढली की हाडांचं संरक्षण त्या दिवसापासून थांबतं. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांहून जास्त घेतल्यात का. थायरॉईडच्या गोळीचा डोस गरजेपेक्षा जास्त तर नाही ना. फिटची गोळी चालू आहे का. मिशरी, तंबाखू, दारू. आईचा खुबा मोडला होता का.

आणि त्या पुड्या. बाजाराच्या दिवशी किंवा कुणाच्या तरी ओळखीने मिळणाऱ्या, नाव नसलेल्या, गुडघेदुखीवर "दोन दिवसांत उतार" देणाऱ्या पुड्या. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणूनच आराम पडतो आणि म्हणूनच हाडं पोखरली जातात. तुम्ही घेत असाल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. पण एका दिवसात बंदही करू नका. बरेच महिने घेतलेलं स्टिरॉइड एकदम सोडलं तर जिवावर बेतू शकतं, ते हळूहळू कमी करावं लागतं.

पुरुषांनाही हा आजार होतो. दम्याच्या गोळ्यांवर असलेल्या, तंबाखू खाणाऱ्या सत्तरीतल्या शेतकऱ्याची पाठ वाकायला लागली, तर ते "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

ताटात काय आहे ते मोजा

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, इतरांना १०००. मी माझं ताट मोजलं तेव्हा धक्का बसला. ज्वारी-बाजरीत कॅल्शियम अगदी थोडं. भरीत, ठेचा, शेवभाजी, सगळं चवीला उत्तम, हाडांना फारसं काही देत नाही. रावेर-यावलची केळी आपला अभिमान, पण केळ्यात कॅल्शियम जवळपास नाहीच. मला आयुष्यभर वाटत होतं की केळं खाल्लं की हाडं मजबूत होतात.

कॅल्शियम आहे ते इथे. २०० मिली दूध, साधारण २४०. वाटीभर दही, २०० च्या आसपास. नाचणीच्या ५०-६० ग्रॅम पिठाची भाकरी, १८० ते २००. सालासकट तिळाची चटणी, दोन चमचे भरून, शंभराच्या पुढे. शेवग्याचा पाला, राजगिरा, हरभऱ्याची भाजी. नाचणी आपल्या ताटात सवयीची नाही, म्हणून मी ज्वारीच्या पिठात एक तृतीयांश नाचणी मिसळते. भाकरी काळपट होते, पण कळण्याची भाकरी खाणाऱ्या घरात त्याचं कुणाला काही वाटत नाही. ताकाची कढी आठवड्यातून चारदा. एवढं केलं की सात-आठशे होतात. उरलेल्या तुटीपुरती गोळी.

गोळीच्या बाबतीत डबीच्या मागे "एलिमेंटल कॅल्शियम" किती ते वाचा. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये खरं कॅल्शियम ५०० असतं. कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं, सायट्रेट केव्हाही चालतं. एका वेळी ५०० पेक्षा जास्त शरीर नीट शोषत नाही. थायरॉईडच्या गोळीत आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर ठेवा, लोहाची गोळीही कॅल्शियमसोबत घेऊ नका. मुतखडा झाला असेल तर गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा.

ड जीवनसत्त्वाचं आश्चर्य सगळ्यांनाच वाटतं. भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो आणि आपल्याच बायकांच्या रक्तात ड कमी! कारण आपण ऊन टाळतो, आणि टाळलंच पाहिजे असं ते ऊन असतं. कोवळ्या सकाळच्या उन्हात ड बनवणारे किरण फार कमी असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हा ते पुरेसे मिळतात. मी हिवाळ्यात अकरा-बाराला गच्चीवर हात आणि पोटऱ्या उघड्या टाकून वीस मिनिटं बसते. वैशाखात नवाच्या पुढे दहा मिनिटं आणि लगेच आत. तरीही बहुतेकांना औषध लागतंच. ६० हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल साधारण आठ आठवडे दर आठवड्याला आणि मग महिन्याला एक, असं सहसा देतात. "आठवड्याला एक" हे वर्षानुवर्षं चालू ठेवलेल्या दोन बायका मला माहीत आहेत. ते विषारी ठरू शकतं. आठ आठवडे संपले की पुढे काय, हे त्याच दिवशी कागदावर लिहून घ्या.

आता औषध: घाई नाही, पण टाळाटाळही नाही

कॅल्शियम आणि ड ही नुसती विटा-माती. मणका दबला असेल, खुबा मोडला असेल किंवा आकडा उणे २.५ च्या खाली असेल, तर तेवढ्याने भागत नाही. माझ्या नात्यातल्या अनेकींनी "आधी कॅल्शियम घेऊन बघू" म्हणत दोन-दोन वर्षं घालवली. ड आणि कॅल्शियम भरून निघायला, दात तपासायला, विचार करायला महिना-दोन महिने लागतात. ते घ्या. त्यापुढे लांबवू नका.

फायदा किती होतो ते आकड्यांत पाहा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झोलेड्रॉनिक ॲसिडच्या मोठ्या चाचणीत, तीन वर्षांत औषध न घेतलेल्या १०० बायकांपैकी सुमारे ११ जणींचा मणका नव्याने दबला, घेतलेल्यांपैकी ३ जणींचा. खुबा मोडण्याचं प्रमाणही सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. औषध घेऊनही काहींचं हाड मोडतं आणि न घेताही अनेकींचं मोडत नाही. प्रश्न आहे तो धोका किती कमी करून घ्यायचा याचा.

पर्याय मी आमच्या घरातल्या तिघींवरून सांगते.

माझी नणंद चोपड्याला असते. तिचा आकडा उणे २.७, काही मोडलेलं नाही. ती ॲलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा घेते. वार ठरलेला, सोमवार. उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत, आणि पुढे अर्धा तास सरळ बसायचं किंवा फिरायचं. त्या अर्ध्या तासात चहा नाही, दुसरी गोळी नाही, आडवं होणं तर अजिबात नाही. आडवं झालं तर गोळी अन्ननलिका जाळते, आणि चहासोबत घेतली तर अंगी लागतच नाही. हे औषध जुनं, पारखलेलं आणि स्वस्त आहे. जन औषधी केंद्रातही विचारून पाहा. ज्या बाईला पहाटे उठून पाणी भरायचं असतं आणि चहाशिवाय पाऊल उचलत नाही, तिला हे आठवड्यातून एक दिवस जमेल का, याचा प्रामाणिक विचार करावा. जमणार नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. गोळी डब्यात पडून राहण्यापेक्षा ते बरं.

मला पित्ताचा जुना त्रास, गिळताना जळजळ. म्हणून मी वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रॉनिक ॲसिड घेते. पाच मिलिग्रॅम, सलाइनमधून, कमीत कमी १५ मिनिटं, आमच्याकडे अर्धा तास लावतात. पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी ताप आला आणि अंग असं मोडून आलं की मी घाबरले. दोन दिवसांत उतरलं. हे पहिल्याच वेळी जास्त होतं. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल, एवढ्याने निभावतं. क्रिएटिनिन तपासल्याशिवाय आणि ड भरून काढल्याशिवाय हे घ्यायचं नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे औषध देत नाहीत, आणि ड कमी असताना दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जातं. नणंदेची गोळी आणि माझं हे सलाइन, ही दोन्ही औषधं एकाच घराण्यातली, हाडांची झीज थांबवणारी.

माझ्या शहाद्याच्या जाऊबाईंचं मूत्रपिंड मधुमेहाने कमजोर झालंय. त्यांना डेनोसुमॅब चालू आहे: ६० मिलिग्रॅम, कातडीखाली, दर सहा महिन्यांनी. घ्यायला अगदी सोपं आणि परिणाम चांगला. त्यांच्यासारख्यांचं रक्तातलं कॅल्शियम मात्र इंजेक्शनच्या आधी आणि नंतर तपासावं लागतं. याच्याबद्दल एक गोष्ट प्रत्येकीला सुरुवातीलाच सांगितली पाहिजे आणि बऱ्याचदा सांगत नाहीत. हे इंजेक्शन मनाने बंद करायचं नाही, उशीरही करायचा नाही. सहा महिन्यांवर महिनाभर उशीर झाला तरी हाडांची झीज उसळी मारते आणि एकामागून एक मणके दबू शकतात. बंद करायचंच असेल तर त्याजागी दुसरं औषध लगेच सुरू करावं लागतं. पेरणी, लग्नसराई, कापसाची वेचणी यात तारीख हुकते अशा घरांनी हे सुरू करण्याआधी दहादा विचार करावा. जाऊबाईंच्या मुलाने पुढची तारीख देवघराच्या भिंतीवर लिहून ठेवलीय.

फार कमकुवत हाडं असतील, एकाहून अधिक मणके दबले असतील, तर हाड नव्याने बांधणारं टेरिपॅराटाइड सुचवतात. रोज स्वतः टोचायचं, जास्तीत जास्त दोन वर्षं, खर्च मोठा. ते संपल्यावर झीज थांबवणारं औषध घेतलंच पाहिजे, नाहीतर कमावलेलं हाड निघून जातं. कॅन्सरसाठी किरणोपचार झाले असतील तर हे चालत नाही. माझ्यासमोर डॉक्टरांनी हाही पर्याय ठेवला होता. रोजची सुई आणि खर्च पाहून मी तो घेतला नाही, पण पुन्हा काही मोडलं तर घेईन असं ठरवलंय. हे आणि डेनोसुमॅब दोन्ही फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवावे लागतात. मे महिन्यात जळगावहून गावी नेताना बर्फाची पिशवी लावलेला डबा हवा, आणि वीज बराच वेळ जाते तिथे औषध कुठे ठेवणार ते आधी ठरवा.

रॅलोक्सिफेन हे औषध मणक्यांना वाचवतं, खुब्याला नाही, आणि पायात गुठळी होण्याचा धोका वाढवतं. पाळी नुकतीच गेलेल्या, अंगातून वाफा निघणाऱ्या बाईसाठी संप्रेरकांचा पर्यायही असतो, तो स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून.

आता भीतीबद्दल. "या औषधाने जबडा सडतो" हे मलाही कुणीतरी सांगितलं होतं. ऑस्टिओपोरोसिसच्या गोळ्यांवर असं होण्याचं प्रमाण वर्षाला १० हजारांत एक किंवा त्याहून कमी आहे. कॅन्सरच्या रुग्णांना याच औषधांचे मोठे डोस वारंवार देतात, त्यांच्यात ते जास्त दिसतं. पण मिशरीने खराब झालेले दात आणि हलणारी दाढ असेल तर काढायचं-भरायचं काम औषधाआधी उरकून घ्या. दुसरा दुर्मीळ धोका म्हणजे बरीच वर्षं औषध घेतल्यावर मांडीच्या हाडाला जाणारा तडा. म्हणूनच गोळी साधारण पाच वर्षांनी आणि झोलेड्रॉनिक तीन वर्षांनी थांबवता येईल का, याचा फेरविचार करतात. ही सुट्टी डेनोसुमॅबला लागू नाही.

हाडवैद्याकडे जायचं असेल तर एकच विनंती. ठिसूळ मणक्याला कुणालाही झटका देऊन "बसवू" देऊ नका, पाठीवर पाय देऊन तर मुळीच नाही.

घर आणि अंग, दोन्ही सावरा

हाड मोडतं ते बहुधा पडल्यावर. आम्ही मोरीत खरखरीत फरशी बसवली आणि भिंतीला लोखंडी दांडी ठोकली. खर्च किरकोळ, आणि मला विचाराल तर औषधाइतकाच मोलाचा. रात्री बाथरूमपर्यंत दिवा. पायपुसणं दुमडलेलं नको. उंच उंबरठ्याला पांढरा पट्टा. पाय सरकणारी स्लिपर फेकून द्या, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लांबवू नका. झोपेची गोळी आणि उठल्यावर चक्कर आणणारी रक्तदाबाची गोळी, दोन्हींबद्दल डॉक्टरांशी बोला.

बसमध्ये पुढच्या चाकांच्या मागे, मधल्या सीटवर बसा. शेवटच्या सीटवर नाही. मोटारसायकलवर मागे बसलात तर गतिरोधकाला वेग कमी करायला आधीच सांगून ठेवा.

कमरेतून वाकून वजन उचलणं बंद. हंडा, पिठाचा डबा, केळीचा घड, भरलेली पाटी, जे असेल ते दोघींनी उचला, किंवा गुडघे वाकवून अंगाजवळ धरून. झाडायला लांब दांड्याचा झाडू. कापूस वेचायला जाणाऱ्यांना "वाकू नका" सांगणं सोपं असतं, त्यांच्या पोटाचा प्रश्न असतो. त्यांनी निदान कंबरेची ओटी जड होऊ न देता थोड्या थोड्या वेळाने रिकामी करावी आणि दर अर्ध्या तासाने पाठ सरळ करून उभं राहावं.

पण घाबरून खाटेवर बसून राहिलात तर हाडं आणखी वेगाने झिजतात. रोज अर्धा तास चाला. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा-बसा. ओट्याला धरून टाचा उचला, मग एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहा. योगवर्गात पश्चिमोत्तानासन, हलासन आणि कंबर पिळणारी आसनं करू नका, शिक्षकांना आजार सांगून ठेवा.

कोणत्या वेळी थांबून राहायचं नाही

पाठीत एकाएकी कळ येऊन उठता-बसता येईनासं झालं, पायात मुंग्या किंवा लघवीवरचा ताबा गेला, पडल्यावर पाय टेकवेना, औषध चालू असताना मांडी किंवा जांघ आतून ठणकायला लागली, दात काढल्यावर हिरडी आठ आठवड्यांत भरली नाही, तर त्याच दिवशी दाखवा. मोडलेल्या खुब्याला घरी विटा बांधून ठेवू नका. ऑपरेशन लवकर झालं तर माणूस लवकर चालतं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

डेक्सा दरवर्षी करायची गरज नसते, साधारण दोन वर्षांनी पुरते. आकडा तसाच राहिला तरी औषध लागू पडतंय असंच समजतात, तो वाढलाच पाहिजे असं नाही. मधल्या काळात मी घरीच एक गोष्ट करते. दर संक्रांतीला अनवाणी, टाचा आणि पाठ चौकटीला टेकवून उभी राहते, आणि सून डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीने खूण करते. दोन सेंटिमीटरने उतरली तर एक्स-रे काढायचा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तीन संक्रांतींच्या तीन खुणा सध्या एकाच रेघेवर आहेत.